वाणाचे मासे

एका संक्रांतीला मी हळदीकुंकवाला मासे लुटले.

जिवंत. प्लास्टिकच्या पिशवीत पाणी, पाण्यात बोटाएवढा मासा आणि पिशवीच्या गळ्याला लाल नाडा. कोणी वाट्या लुटतं, कोणी गाळणी, कोणी रुमाल. मला काहीतरी वेगळं करायचं होतं. तेव्हा मी लहान होते, नुकतीच साठी ओलांडली होती. त्या वयात बाईला वाटतं की मुलांची लग्नं झाली, पेन्शन सुरू झालं, म्हणजे आता आपल्याला जगातलं सगळं कळलं.

तर कपाळाला कुंकू, हातावर तिळगूळ आणि वाण म्हणून हा मासा, असं सगळं यथासांग झाल्यावर आम्ही सगळ्या जणी तळ्याकडे निघालो. काठापदराच्या साड्या, त्यांवर शाली आणि शालींवर नवऱ्यांची जाकिटं, कारण दिल्लीच्या जानेवारीत सौंदर्याला तेवढी सवलत द्यावीच लागते. धुकं इतकं, की पुढचीचा अंबाडा बघत चालायचं. काठाशी जाऊन एकेकीनं आपापलं वाण पाण्यात सोडलं. मी वर हळदकुंकूही वाहिलं. एक जण माशाला हात जोडून म्हणाली, "सुखी राहा रे बाबा."

तो राहिला. तोच तर सगळा घोळ झाला.

हा उद्योग मी ज्यांना खूश करायला केला ते आमच्याच टॉवरमध्ये पाचव्या मजल्यावर राहायचे. मूळचे भंडाऱ्याकडचे, तळ्यांच्या मुलखातले. उभी नोकरी केंद्र सरकारात, आणि तीही माशांवर. मासे पकडायची नाही. कुठल्या पाण्यात कुठला मासा सोडावा आणि कुठला सोडू नये, हे ठरवायची. अशी नोकरी असते हेच मला ठाऊक नव्हतं. मी दादरची. माशाबद्दलचं माझं ज्ञान कढईत सुरू व्हायचं आणि ताटात संपायचं. पहिल्याच भेटीत मी विचारलं, "मग काय भाऊ, घरी रोज ताजे मासे!" त्यावर ते गंभीरपणे म्हणाले, "मासे खातो ना वहिनी. पण ओळखीचे नाही खात."

बारा महिने त्यांच्या अंगात बिनबाह्यांचं खाकी जाकीट असे, जूनच्या लू-मध्येसुद्धा. कारण त्याला खिसे होते, आणि खिशांत भाजलेले शेंगदाणे. हे दाणे नुसते खायचे नव्हते. त्यांच्यासमोर कुठलाही प्रश्न आला की ते मूठभर दाणे काढून टेबलावर ओतायचे. एक फायदा बोलला की एक दाणा उजवीकडे, एक धोका बोलला की एक डावीकडे. शेवटी जी बाजू हरेल तिचे दाणे खाऊन टाकायचे. का, म्हणून मी विचारलं तर म्हणाले, "हरलेल्याला पोटात घालावं. म्हणजे मागे राग नाही राहात."

चहाचंही तेच. "भाऊ, चहा टाकू?" म्हटलं की, "टाकण्याचे फायदे बोला." ह्यांची आणि त्यांची सकाळी फिरायची जोडी होती. हे मला बजावून ठेवत, "त्याच्याबरोबर भाजीला जाऊ नकोस. त्याचं ठरेपर्यंत दुधी जून होतो."

लग्नाचा किस्सा त्यांनी स्वतःच सांगितला होता. मुलगी बघायला गेले, तर तिथेही पोह्यांच्या बशीशेजारी दाणे काढून मांडले. मुलीचे वडील चक्रावले. मुलीनं मात्र सरळ विचारलं, "मी कोणत्या बाजूला चालले आहे?" यांनी खरं ते सांगितलं, की अजून बरोबरी आहे. तेव्हा तिनं हात पुढे करून दोन्हीकडचे दाणे उचलले, तोंडात टाकले आणि म्हणाली, "चहा निवतोय." मग भिंतीवरच्या तिच्या फोटोकडे न बघता म्हणाले, "आयुष्यात एकच निर्णय न तोलता झाला. तोच बरा निघाला."

आता दोघंही नाहीत. भाऊंना जाऊन दोन हिवाळे झाले. पाचव्या मजल्यावर कुणी आयटीवालं जोडपं राहतं, दाराशी चपलांऐवजी कुरिअरचे खोके असतात.

थांबा, तळ्याचं राहिलं. आर. के. पुरमच्या क्वार्टरांत जन्म काढलेल्या आम्हा सरकारी माणसांनी निवृत्तीआधी एकत्र येऊन नजफगडच्या वाटेवर ही सोसायटी बांधली. भिंत घातली तेव्हा गावाचं जोहड, म्हणजे गावतळं, भिंतीच्या आत आलं. गावानं भांडून म्हशींपुरतं एक फाटक ठेवून घेतलं. आम्ही राहायला आलो तेव्हा त्या तळ्यात पाणी कमी आणि सिमेंटच्या गोण्या जास्त होत्या. भाऊंनी ते हळूहळू जिवंत केलं. कोणाला न सांगता रोज सकाळी खाली उतरायचे आणि काठीनं एकेक गोणी ओढून काढायचे. मग गावातली चौधराईन, म्हशीवाली म्हातारी, मदतीला यायला लागली. मग हे. मग आम्ही बाकीचे, जाड कातडीचे.

पाणी सुधारलं तशी पोठी नावाची चांदीच्या टिकल्यांसारखी मासळी वाढली, चिखलात शिंगी आली, आणि एका वर्षी टिबुकली आली. पाण्यात बुडी मारून भलतीकडेच वर येणारा छोटासा पक्षी. पोरं ओरडायची, "अंकल, डक! डक!" तेव्हा भाऊ काठावरून, "डक नाही रे, टिबुकली!" माझी नात मला विचारते कशी, "आजी, हा शब्द रिअल आहे की अंकलनी बनवलाय?"

अशा या तळ्यात 'बास' सोडायची टूम निघाली. बास म्हणजे एक परदेशी शिकारी मासा. गळाला लागला की अशी झुंज देतो, की शौकीन लोक तेवढ्यासाठी समुद्रापार जातात म्हणे. ही कल्पना आमच्या बी टॉवरमधल्या कर्नलसाहेबांची. माणूस अगदी देव, फक्त उत्साहाला ब्रेक नाही. त्यांना तळ्यावर अँगलिंग क्लब काढायचा होता. डिसेंबरात सोसायटीची बैठक बसली. कर्नल म्हणाले, "सर, आप एक्सपर्ट हैं. येस ऑर नो?"

भाऊंनी दाणे काढले. "कर्नलसाब, येस भी है, नो भी है. अपन पहले येस देखेंगे."

आणि मग ते बोलायला लागले. इतकं सुंदर, की मी त्यांना तसं कधी ऐकलं नव्हतं. तळ्यात कुणीतरी आणून टाकलेली तिलापिया नावाची परकी मासळी माजलीय, तिला हा मासा आवरेल. पोरं मोबाईल सोडून तासभर एका जागी गप्प बसायला शिकतील. आणि मुख्य म्हणजे, ज्या पाण्यात माणसाचा शौक अडकतो त्या पाण्यात तो कचरा टाकत नाही. आज आम्ही चार म्हातारे राखतोय, उद्या कोण राखणार? प्रत्येक वाक्याला एक दाणा उजवीकडे. उजवीकडे ढीग झाला. माझे डोळे भरून आले. तेवढ्यात आठवलं, समोसे गार होतायत. मी उठून चहाचं बघायला गेले.

धोके मी ऐकलेच नाहीत.

परत आले तेव्हा टाळ्या चालल्या होत्या आणि विषय पुढच्या बैठकीवर गेला होता. शेजारणीला विचारलं, काय म्हणाले? ती समोसा घेत म्हणाली, "बहुत अच्छा बोले." झालं. माझ्या डोक्यात पक्कं बसलं, की या माणसाला तो मासा हवा आहे, आणि स्वतःसाठी काही मागायची त्याला सवय नाही. मग आपण नको का आणायला? गुपचूप, ह्यांनाही कळू न देता.

कर्नलना जाऊन म्हटलं, मासे मागवा, मला वाणाला हवेत. ते जरा घुटमळले. "भाभीजी, बाद में तो उन्होंने खतरे की भी बात की थी."

"वो उनकी आदत है. अंदर से हाँ है. मैं उनको जानती हूँ ना!"

मी उनको जानती हूँ. आजही हे वाक्य आठवलं की मी स्वयंपाकघरात एकटीच जीभ चावते. कर्नलना विश्वास ठेवायचाच होता, त्यांनी ठेवला, आणि कुठल्याशा मत्स्यालयवाल्याकडून पिशव्या आणवल्या.

संक्रांतीच्या त्या सकाळी भाऊ पलीकडच्या काठावर दुर्बीण घेऊन उभे होते. धुकं विरायला लागलं तसे त्यांना आम्ही दिसलो असणार. ते चालत आले. कधीच धावायचे नाहीत, तेव्हाही धावले नाहीत. "वहिनी, काय सोडलं?"

"ओळखा! बास! तुमचे!" मी टाळ्याच वाजवल्या.

त्यांनी चपला काढल्या आणि ओल्या मातीवर बसले. मला वाटलं, आनंदानं. मागे राहिलेल्या एकीची पिशवी अजून सोडायची होती. त्यांनी ती मागून घेतली, उजेडात धरली आणि कितीतरी वेळ बघत राहिले. मासा खरंच देखणा होता, हिरवट, अंगावर काळा पट्टा ओढलेला. ते म्हणाले, "छान आहे हो. याची काही चूक नाही." पिशवी घेऊन ते वर गेले. त्या दिवशी तिळगूळही घेतला नाही.

बैठकीत काय झालं होतं ते मला ह्यांनी सांगितलं, घरी आल्यावर, स्वेटर काढता काढता. "अगं, तू चहाला उठून गेल्यावर त्यानं डावीकडे एकेक दाणा ठेवलाच नाही. एक प्रश्न विचारला. म्हणाला, उद्या पस्तावलो तर हा मासा परत काढता येईल का? आणि अख्खी मूठ डावीकडे ओतली. आणि उजवीकडचे सगळे खाऊन टाकले."

मी त्या दिवशी जेवले नाही. साठीच्या बाईनं रुसावं कुणावर? स्वतःवरच रुसले.

मार्चपर्यंत काही कळलं नाही. कर्नल मला धीर देत, "देखिए, कुछ नहीं हुआ ना?" मग एका सकाळी चौधराईन फाटकातून आली. तिची रीत अशी, की म्हशी पाण्यात घातल्या की फडक्यातली शिळी पोळी कुस्करून काठाशी टाकायची, आणि पोठ्यांचा थवा चमचमत वर यायचा. त्या दिवशी तिनं पोळी टाकली. तुकडे फुगले, बुडाले. ती भाऊंना म्हणाली, "रै भाई, म्हारी मछली कित गई?"

मी बाजूला होते. तिनं माझ्याकडेही बघितलं नाही, तिला ठाऊकच नव्हतं. ते जास्त लागलं.

एप्रिलच्या बैठकीत भाऊंनी दाणे काढले नाहीत. म्हणाले, मासे अजून वर्षाच्या आतले आहेत, अंडी घालणार नाहीत. पुढच्या वसंतात घालतील, आणि मग आयुष्यात निघणार नाहीत. पावसात नजफगडच्या नाल्यानं बाहेर पडले तर ते पाणी आपलं राहिलंच नाही. तेव्हा मेच्या शेवटी पाणी तळाला जाईल तेव्हा जोहड पूर्ण उपसायचं.

हॉलमध्ये दंगा झाला. टँकरचे दिवस, नळाला थेंब नाही, आणि हा माणूस असलेलं पाणी उपसायला निघाला! कर्नल कळवळून म्हणाले, "सर, आपने ही तो फायदे बताए थे. झूठ थे क्या?"

"झूठ नहीं थे," भाऊ म्हणाले, आणि मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. तरुणपणी एका डोंगरी भागातल्या तळ्याचा कागद त्यांच्याकडे आला होता. परदेशी शिकारी मासा सोडायचा, शौकिनांना बोलवायचं. त्यांनी महिनोन्‌महिने तोललं. गाव ओस पडत होतं, फायदे खरे होते. त्यांनी हो लिहिलं. वरच्यांनी सह्या केल्या. मासा फोफावला, लोक आले, घराघरांत पाहुणे उतरायला लागले, पोरं शहरातून परत आली. "आणि तिथला जो मूळचा मासा होता, त्याला तिथल्या बोलीत एक छान नाव होतं. काही वर्षांनी गेलो तर ते नाव फक्त म्हाताऱ्यांना येत होतं." मग हिंदीत कर्नलकडे बघून, "आज भी जाता हूँ तो मुझे हार पहनाते हैं. खाना खिलाते हैं. उस मछली की तरफ से शिकायत लेके कोई नहीं आता, साब. वही तकलीफ है."

पण तरी पाण्याचा प्रश्न होताच. कुणीतरी मागून विचारलं, की उपसायचं तर तुमच्या त्या देशी मछल्या महिनाभर कुठे ठेवणार, आपकी जेब में?

तेव्हा मी उभी राहिले. म्हटलं, "मेरे बाथरूम में." आणि मराठीत, कारण रडू आलं की मला दुसरी भाषा येत नाही, "आम्ही सोडले, आम्ही सांभाळू. काय गं?" माझ्या हळदीकुंकवाच्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं. एक म्हणाली, "माझ्याकडे पिंप आहे." दुसरी म्हणाली, "आमचा टब रिकामाच असतो, ह्यांना आंघोळीचा कंटाळा."

मग जे झालं ते लिहायला माझी लेखणी पुरत नाही. कर्नलनी पंपांची मोहीम युद्धासारखी चालवली. स्वतःच्या क्लबचं स्वप्न स्वतः उपसत होते, पण शिट्टी तीच, रुबाब तोच. पाणी गावाच्या शेतांत गेलं. गावकरी जाळी घेऊन गुडघाभर चिखलात. भाऊ मध्ये उभे, जाकिटासकट चिखलानं माखलेले, आणि प्रत्येक टोपलीतला मासा हातात घेऊन नावानिशी वेगळा करत होते. ही उरलीसुरली पोठी, वर. हा शिंगी, सांभाळून, काटा मारतो. हा बास. बास हातात आला की क्षणभर थांबायचे, पाठीवरून बोट फिरवायचे आणि बाजूच्या पाटीत ठेवायचे. गावानं संध्याकाळी त्यांचा रस्सा केला. चौधराईनीनं भाऊंपुढेही वाटी धरली. ते म्हणाले, "ना ताई, जान-पहचान हो गई."

महिनाभर आमच्या घरांतून माशांचा वास, पाण्यात हवा सोडणाऱ्या मोटारींची घरघर आणि नवऱ्यांची कुरकुर. आमचे हे टबातल्या शिंगीला घाबरून बादलीनं बाल्कनीत आंघोळ करत, समोरच्या टॉवरला पाठ करून. भाऊ रोज सकाळी घरोघर पाणी तपासायला येत, डॉक्टर राऊंडला येतात तसे. माझ्याशी पाण्याचं बोलत, माशांचं बोलत, त्या दिवसाचं कधीच नाही. मला वाटायचं, एकदा रागावले तर सुटेन.

जुलैत पाऊस झाला, जोहड भरलं, आम्ही बादल्या रिकाम्या केल्या. माझ्या मनात आलं, संपलं. भाऊंच्या मनात नव्हतं आलं. एखादा बास चिखलात राहिला असेल, तर पुढच्या वसंतात कळेल, एवढंच ते म्हणाले. सारा हिवाळा त्यांची झोप उडालेली होती. गुडघे गेले होते, तरी काठी टेकत खाली यायचेच. मी थर्मासमध्ये चहा घेऊन जायला लागले. फायदे न विचारता घ्यायचे.

वसंत गेला. मे उजाडला. एका संध्याकाळी लव्हाळ्यातून टिबुकली बाहेर आली, पाठीवर पट्टेरी पिल्लं घेऊन. काठाजवळ उथळ पाण्यात बारीक बारीक पोठ्यांचा थवा होता, नुकत्या जन्मलेल्या, पाण्याला काटा यावा तसा. शिकारी मासा असता तर हा थवा इतका बेफिकीर उथळ पाण्यात फिरला नसता, हे एव्हाना मलाही कळत होतं. भाऊंनी दुर्बीण डोळ्यांवरून काढली. बराच वेळ पुसत राहिले. काच पुसत होते की डोळे, ते मी बघितलं नाही.

मला राहवेना. म्हटलं, "भाऊ, त्या दिवशी तुम्ही मला चार शब्द सुनवायला हवे होते. एवढी मूर्ख बाई उभ्या दिल्लीत सापडणार नाही. तुम्ही रागावला का नाहीत हो?"

त्यांनी दुर्बीण गळ्यात अडकवली, माझ्याकडे वळले आणि म्हणाले,

"वहिनी, तुमच्या हातून चूक झाली, म्हणून तिच्यामागे धावता तरी आलं. माझं सगळं रीतसर झालं होतं."